रजई-गोधडीला वेळ किती लागतो? खानदेशातील कारागिरांनी तासांचा हिशेब मांडण्याची गरज

दसरा उलटून रात्री गारवा पडू लागला की जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील गादी-रजईच्या दुकानांपुढे गिऱ्हाइकांची वर्दळ सुरू होते. नवा कापूस बाजारात आलेला असतो, शेतकऱ्याच्या हातात चार पैसे असतात आणि धुळ्याचा पारा लवकरच दहा अंशांखाली उतरणार हे सर्वांना अनुभवाने ठाऊक असते. गिऱ्हाईक आधी भाव विचारते आणि लगेच दुसरा प्रश्न करते, "चाचा, रजई कधी मिळेल?" चाचा सवयीने सांगतात, "परवा या."

हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, परंतु धंद्याच्या दृष्टीने ते एकच आहेत. रजई किंवा गोधडी यात कापूस, कापड आणि दोरा किती लागला हे सर्वांना दिसते. त्यात किती तास गेले, हे मात्र कोणालाच दिसत नाही. पुष्कळदा ते करणाऱ्यालाही सांगता येत नाही. ज्याला आपला वेळ मोजता येत नाही त्याला आपली किंमत सांगता येत नाही आणि मग ती दुसराच कोणीतरी ठरवतो. या लेखात आपण हाच हिशेब करून पाहू.

रजई वेगळी, गोधडी वेगळी

बोलताना आपण दोन्ही शब्द सहज एकमेकांच्या जागी वापरतो, परंतु कामाच्या दृष्टीने या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. रजई म्हणजे कापडाच्या खोळीत पिंजलेला कापूस भरून त्यावर मोठे टाके घातलेले पांघरूण. हे काम परंपरेने पिंजारी समाजाचे. गोधडी म्हणजे जुनी लुगडी, साड्या, धोतरे, चादरी यांचे थर एकावर एक ठेवून ते धावदोऱ्याने एकजीव करणे. हे काम घरोघरच्या बायकांचे. त्यात जातीचा किंवा धर्माचा भेद कधीच नव्हता. रजईत मुख्य खर्च कापसाचा असतो, तर गोधडीत मुख्य खर्च वेळेचा असतो. म्हणून दोन्हींचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

पिंजाऱ्याचे काम

कापूस पिंजणारे आपले बांधव पिंजारी, नदाफ, मन्सुरी अशा नावांनी ओळखले जातात. ‘नदाफ’ हा शब्द अरबी ‘नद्दाफ’वरून आला असून त्याचा अर्थच कापूस पिंजणारा असा आहे. ‘मन्सुरी’ हे नाव बगदादमध्ये इसवी सन ९२२ मध्ये ज्यांना देहदंड झाला त्या सूफी मन्सूर अल-हल्लाज यांच्याशी जोडले जाते. ‘हल्लाज’ म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारा, कापूस साफ करणारा. बगदादपासून खानदेशापर्यंत हा व्यवसाय एका सन्मानाच्या नावाने चालत आलेला आहे, हे नव्या पिढीने लक्षात ठेवावे.

एके काळी पिंजारी खांद्यावर पिंजण घेऊन खेडोपाडी फिरत असे. पिंजण म्हणजे एक मोठे धनुष्य, त्याला जनावराच्या आतड्याची ताणलेली तात आणि ती छेडायला डंबेलच्या आकाराचा लाकडी दस्ता. तातेचा तो विशिष्ट आवाज गल्लीत आला की बायका जुन्या गाद्या-रजया बाहेर काढत. तात कापसात थरथरली की दबून गाठी झालेले तंतू सुटे होत, धूळ व कचरा खाली पडे आणि कापूस फुलून वर येई. एका रजईचा दोन-अडीच किलो कापूस असा हाताने पिंजायला अर्धा दिवस सहज जात असे. गादीला त्याच्या कितीतरी पट कापूस लागतो, त्यामुळे गादीचे काम एका दिवसात संपत नसे.

पुढे विजेवर चालणारी पिंजण-यंत्रे आली. दातेरी रूळ कापूस ओढून घेतात, तंतू मोकळे करतात आणि दुसऱ्या बाजूने पातळ पापुद्रा बाहेर टाकतात. जे काम अर्ध्या दिवसाचे होते ते आता काही मिनिटांचे झाले. अंगमेहनत कमी झाली, ही आनंदाची गोष्ट. परंतु त्याचबरोबर पिंजाईची मजुरी किलोवर ठरू लागली आणि गिऱ्हाईक म्हणू लागले की यंत्रच सगळे करते, मग पैसे कसले?

येथेच हिशेब चुकतो, कारण पिंजाई ही रजईच्या कामातील फक्त पहिली पायरी आहे. पुढे खोळ उलटी पसरायची, तिच्यावर कापसाचे थर सारख्या जाडीने लावायचे, कोपरे भरायचे, सगळे गुंडाळून खोळ सुलट करायची, काठीने हलके ठोकून कापूस समतल करायचा आणि मग लांब सुईने टाके घालायचे. हे टाके शोभेसाठी नसतात. ते नसतील तर दोन महिन्यांत सगळा कापूस पायाशी गोळा होतो आणि छातीवर नुसती खोळ राहते. या भरणीला आणि टाक्यांना सराईत हातालाही दोन-तीन तास लागतात. कोणतेही पिंजण-यंत्र हे काम करत नाही.

जयपूरच्या रजईचे उदाहरण येथे बोलके आहे. तेथील हलक्या रजया मोजक्याच कापसाच्या असतात आणि तरीही ऊबदार म्हणून देशभर नावाजल्या जातात. त्यांत कापूस कमी, परंतु तो साफ करण्यात, पिंजण्यात आणि बारीक टाके घालण्यात वेळ जास्त जातो. गिऱ्हाईक तेथे वजनाचे पैसे देत नाही, हाताचे पैसे देते. आपल्याकडे मात्र अजून "किती किलोची?" एवढेच विचारले जाते.

कापूस बदलला

खानदेश ही कापसाची भूमी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, तेव्हा पश्चिम भारतातील ज्या भागांच्या कापसाला भाव आला त्यांत खानदेशही होता. पण त्या काळचा खानदेशी देशी कापूस आखूड आणि जाड्याभरड्या धाग्याचा होता. बारीक सुतासाठी तो हलका समजला जाई, परंतु गादी-रजईसाठी तोच उत्तम, कारण जाड तंतू दाबला तरी पुन्हा उसळी घेतो आणि कापूस लवकर बसत नाही.

१९७० मध्ये गुजरातेत ‘एच-४’ हा संकरित कापूस निघाला आणि २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्यानंतर देशी वाण शेतातून जवळजवळ नाहीसे झाले. आजचा लांब आणि मऊ धाग्याचा कापूस सूतगिरणीला हवा असतो, परंतु रजईत तो लवकर दबतो आणि पुन्हा पिंजायची वेळ लवकर येते. शिवाय आता कारागिराला सूतगिरण्यांच्या बरोबरीने बाजारभाव मोजावा लागतो. शंभर किलो कापसातून सरकी काढल्यावर साधारण तेहतीस ते पस्तीस किलो रुई हाती येते. म्हणजे तीन किलोच्या रजईसाठी शेतात सुमारे नऊ किलो कापूस वेचला गेलेला असतो. ज्यांना "घरचाच कापूस आहे, पैसे कसले?" असे वाटते त्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा.

गोधडीचा हिशेब

आता गोधडीकडे वळू. येथे यंत्र नाही, वजन नाही, सगळा मामला सुईदोऱ्याचा आहे. आणि म्हणूनच येथे वेळ मोजता येतो.

नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, सत्तावीस फूट लांबीचे कापड. त्याच्या चार समान घड्या केल्या तर प्रत्येक घडी पावणेसात फुटांची होते. रुंदी साधारण ४५ इंच धरू. म्हणजे एका लुगड्यात एका माणसाच्या गोधडीचे चार थर निघतात. आपल्या आजींनी फूटपट्टी न वापरता हे माप कसे बसवले असेल, याचे कौतुकच वाटते.

या गोधडीवर लांबीच्या बाजूने एकेका इंचावर धावदोऱ्याची ओळ घातली तर ४५ ओळी होतील. ४५ ओळी गुणिले पावणेसात फूट म्हणजे सुमारे ३०४ फूट शिवण. अर्ध्या इंचावर ओळी घातल्या तर शिवण ६०८ फुटांवर जाते. पाव इंचावर, म्हणजे खरी दाट गोधडी केली, तर १२१५ फूट. एका इंचात तीन टाके धरले तर पहिल्या गोधडीत सुमारे अकरा हजार, दुसरीत बावीस हजार आणि तिसरीत जवळजवळ चव्वेचाळीस हजार टाके पडतात.

आता वेळ पाहू. हात बसलेल्या बाईला सहा थरांतून एक फूट धावदोरा घालायला दोन मिनिटे लागतात असे धरू. सुईत दोरा ओवणे, गाठ मारणे, गुंता सोडवणे हे सगळे त्यातच आले. त्या हिशेबाने नुसत्या शिवणीला पहिल्या गोधडीत दहा तास, दुसरीत वीस तास आणि तिसरीत चाळीस तास लागतात. याशिवाय कापड धुणे, वाळवणे, विरलेला भाग कापून काढणे, तुकडे जोडणे, थर पसरून कच्चे टाके घालणे आणि शेवटी कडेची पट्टी शिवणे यासाठी किमान पाच तास. म्हणजे एकूण पंधरा, पंचवीस आणि पंचेचाळीस तास झाले. वर रंगीत तुकड्यांची नक्षी जोडायची असेल तर त्याचे तास वेगळे.

परंतु कोणतीही गृहिणी सलग पंचवीस तास गोधडीपाशी बसत नाही. दुपारची भांडी आवरल्यापासून मुले शाळेतून येईपर्यंत तिला फार तर दोन तास मिळतात. त्या वेगाने पहिली गोधडी आठ दिवसांत, दुसरी तेरा दिवसांत आणि तिसरी तेवीस दिवसांत होईल. पाहुणे आले, मूल आजारी पडले, रमजानचा महिना आला किंवा लग्नसराई लागली की दिवस आणखी वाढतात. "गोधडीला महिना लागतो" असे म्हटले जाते ते यामुळे. महिना हा कॅलेंडरवरचा असतो, मेहनत मात्र तासांत असते. गिऱ्हाइकाला तारीख सांगताना कॅलेंडर पाहावे, किंमत सांगताना घड्याळ पाहावे.

मजुरीत हा वेळ कुठे जातो?

अनेक ठिकाणी व्यापारी कापड आणि दोरा देतो आणि बायका घरी बसून नगावर गोधडी शिवतात. ही मजुरी उक्ती असते. एका गोधडीचे इतके रुपये, मग तास कितीही लागोत. समजा, अर्ध्या इंचाच्या गोधडीला पाचशे रुपये मिळाले. रक्कम एकदम हातात आली की बरी वाटते. परंतु पाचशेला पंचवीस तासांनी भागले तर तासाला वीस रुपये पडतात, म्हणजे आठ तासांच्या दिवसाला एकशे साठ. आपल्या गावात शेतमजुरीचा दिवसाचा दर काय आहे तो पाहावा आणि या आकड्याशी ताडून पाहावा. पुष्कळ भगिनींना तेव्हा कळेल की सावलीत बसून केलेले हे काम उन्हातल्या निंदणीपेक्षाही स्वस्तात गेले.

व्यापाऱ्याने टाके दाट मागितले आणि दर तोच ठेवला, तर मजुरी एका झटक्यात जवळजवळ निम्म्यावर येते. बोली मात्र "पाचशेचीच" राहते. येथे फसवणूक कोणी उघडपणे करत नाही, पण वेळ मोजला जात नाही म्हणून नुकसान होते. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात नगावरच्या कामालाही किमान दर ठरवण्याची तरतूद होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. परंतु घरी बसून काम करणाऱ्या बाईपाशी तासांची नोंदच नसेल, तर ती कोणत्या आधारावर बोलणार?

ब्लँकेटशी स्पर्धा

आज बाजारात पानिपतची पॉलिएस्टर ब्लँकेटे आणि फायबर भरलेल्या रजया मुबलक आहेत. त्या हलक्या असतात, रंगीत असतात, हप्त्यावर मिळतात आणि वाट पाहावी लागत नाही. वेगात आपण त्यांच्याशी स्पर्धा करू शकत नाही. तो प्रयत्नही करू नये.

परंतु वेळेला दुसरी बाजूही आहे. वस्तू बनायला किती वेळ लागला याबरोबरच ती किती वर्षे टिकते हेही गिऱ्हाइकाला सांगितले पाहिजे. कापसाची रजई दोन-चार वर्षांनी उसवून, उन्हात वाळवून पुन्हा पिंजता येते. खोळ बदलली की नवी रजई तयार. गोधडी विरली तर तिच्यावर नवा थर चढवता येतो. पॉलिएस्टरचे ब्लँकेट पुन्हा पिंजता येत नाही. किंमत भागिले वर्षे असा हिशेब करून दाखवला तर समंजस गिऱ्हाईक तो नाकारत नाही.

मात्र त्यासाठी माल चोख हवा. कापसाच्या नावाखाली फायबर किंवा होजिअरीच्या कातरणाची भेसळ भरणारे दुकानदार सगळ्या धंद्याची पत घालवतात. परीक्षा सोपी आहे. चिमूटभर भरण सावधपणे जाळून पाहावी. कापूस कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. प्रामाणिक दुकानदाराने ही परीक्षा गिऱ्हाइकासमोर स्वतःच करून दाखवावी.

वेळेला किंमत मिळू शकते याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागात राहणाऱ्या सिद्दी स्त्रिया ‘कवंद’ नावाच्या गोधड्या शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले आणि त्यांच्यात मुस्लिम, ख्रिस्ती, हिंदू असे सर्व आहेत. जुन्या कपड्यांचे तुकडे, जाड दोरा आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची छोटी ‘फुले’ एवढेच त्यांचे भांडवल. त्या गोधड्या अमेरिकेतील प्रदर्शनांपर्यंत पोहोचल्या आहेत. खानदेशातील गोधडी तिच्याहून कमी प्रतीची नाही. फरक आहे तो मांडणीचा आणि संघटनेचा.

योजना आणि भांडवल

१७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने पारंपरिक कारागिरांसाठी ‘पीएम विश्वकर्मा’ योजना सुरू केली. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांचे साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने कर्ज, पहिल्या टप्प्यात एक लाख व दुसऱ्यात दोन लाख रुपये, अशी तरतूद करण्यात आली. तिच्या अठरा व्यवसायांच्या यादीत सुतार, लोहार, कुंभार, दर्जी, न्हावी, धोबी आहेत. कापूस पिंजणाऱ्याचे नाव मात्र त्या यादीत घेतले गेले नाही. शेकडो वर्षे हातात पिंजण घेऊन फिरलेल्या समाजाचा व्यवसाय पारंपरिक नाही, तर मग कोणाचा? समाजाच्या संघटनांनी ही मागणी आकडेवारीसह शासनापुढे मांडली पाहिजे. किती कुटुंबे, किती यंत्रे, वर्षातून किती महिने काम, ही नोंद जिल्हानिहाय तयार असेल तर निवेदनाला वजन येते.

तोपर्यंत इतर वाटा आहेत. २०१५ पासूनची मुद्रा कर्ज योजना लहान धंद्यांसाठी आहे. महाराष्ट्रात २००० साली स्थापन झालेले मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे. बचत गटातील भगिनींना ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनांत गाळा मिळू शकतो. अर्ज करण्यापूर्वी अटी आणि व्याजदर नीट समजून घ्यावेत. कर्जाच्या बाबतीत अंथरूण पाहूनच पाय पसरावेत, ही म्हण अंथरूण बनवणाऱ्यांनी तरी विसरू नये.

काय करावे?

पहिली गोष्ट, एक वही घालावी. प्रत्येक गोधडीचे माप, ओळींतील अंतर, सुरुवातीची तारीख आणि रोजचे तास लिहावेत. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्यावे. पाच गोधड्यांनंतर सरासरी आपोआप कळेल.

दुसरी, दर नगावर न ठरवता मापावर आणि ओळींच्या अंतरावर ठरवावा. एक इंच, अर्धा इंच, पाव इंच असे तीन दर असावेत आणि मोहल्ल्यातील सर्व भगिनींनी तेच सांगावेत. एकीने कमी दर घेतला की सगळ्यांचा दर पडतो.

तिसरी, रजईच्या दुकानदाराने पावतीवर कापूस, खोळ, पिंजाई आणि भरणी-टाके असे चार वेगळे आकडे लिहावेत. गिऱ्हाइकाला हाताचे काम कागदावर दिसले की घासाघीस कमी होते.

चौथी, तारीख खरी सांगावी. हंगामात चार दिवस लागणार असतील तर "परवा या" म्हणून तीनदा परत पाठवू नये. ज्याला फेऱ्या माराव्या लागतात तो पुढच्या वर्षी ब्लँकेट घेतो.

पाचवी, पिंजण-यंत्राजवळ काम करणाऱ्याने नाकातोंडावर कापड बांधावे आणि खोलीत हवा खेळती ठेवावी. कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर दम्यासारखा विकार जडतो. आज वाचवलेली पाच मिनिटे पुढे दवाखान्यात खर्च होतात.

सहावी, उन्हाळ्याचे महिने रिकामे घालवू नयेत. लग्नसराईच्या गाद्या, लोड-तक्के, उशा यांची मागणी तेव्हा असते आणि गोधड्यांचा साठा थंडीपूर्वी तयार ठेवता येतो. घाईत शिवलेल्या मालाला भाव मिळत नाही.

जळगावची खानदेश मिल इतिहासजमा झाली, परंतु जुन्या लुगड्याची गोधडी करणारे हात आणि कापूस फुलवणारी दुकाने अजून आहेत. हा धंदा मोठ्या भांडवलावर उभा राहिलेला नाही, तो वेळेवर उभा आहे. वेळ हेच ज्याचे भांडवल आहे त्याने ते मोजून खर्च केले पाहिजे. एका गोधडीला पंचवीस तास लागतात हे आधी आपण स्वतः मान्य करावे, मग गिऱ्हाइकाला ते न संकोचता सांगावे.